स्क्रिप्टमधून जोडलेला कीबोर्ड कसा ओळखायचा? लिनक्सवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात चार जुने लॅपटॉप आहेत. त्यातल्या एकाचा कीबोर्ड बिघडला आणि एक कळ अधूनमधून आपोआप दाबली जाऊ लागली. दुरुस्तीचा खर्च परवडणारा नव्हता. म्हणून यूएसबी कीबोर्ड आणला आणि मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली: बाहेरचा कीबोर्ड जोडला की आतला बंद, काढला की आतला पुन्हा चालू. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी कुणीतरी कीबोर्ड दुसऱ्या लॅपटॉपला नेला आणि याला नुसता वायरलेस माऊस लावला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलेल्या मुलीला एक अक्षर टाइप करता येईना. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. माऊसचा तो नखाएवढा रिसीव्हर स्वतःची ओळख ‘कीबोर्ड’ अशीही करून देत होता आणि माझ्या स्क्रिप्टने ती खरी मानली होती. रिसीव्हर काढला, आतला कीबोर्ड जागा झाला आणि तिचा अर्ज वेळेत गेला.

त्या दिवसानंतर हा विषय मी मुळापासून समजून घेतला. लोक मला जे विचारतात, आणि जे मी तेव्हा विचारायला हवं होतं, ते इथे मांडलं आहे. आज्ञा आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत टाइप करा.

एका ओळीत काम होईल का?

होईल. ही ओळ घ्या:

ग्रेप -एल 'एफएफएफएफएफएफएफई$' /सिस/क्लास/इनपुट/इनपुट*/केपेबिलिटीज/की

सात वेळा एफ, मग ई, आणि ओळ तिथेच संपते हे सांगणारं डॉलरचं चिन्ह. ज्या उपकरणांकडे टायपिंगच्या कळा आहेत, त्यांच्या फायलींची नावं छापून येतील. एकही नसेल तर ग्रेप १ हा एक्झिट कोड देतो, असेल तर ०, त्यामुळे ही ओळ ‘इफ’मध्ये तशीच बसते. रूट (प्रशासकाचे अधिकार) लागत नाही, वेगळं पॅकेज लागत नाही, यूडेव्हही (जोडलेल्या उपकरणांची नोंद ठेवणारी लिनक्सची सेवा) लागत नाही.

यावर थांबू मात्र नका. ही ओळ उपकरणाची क्षमता सांगते. त्यावर खरंच कुणी टाइप करणार आहे का, हे ती सांगू शकत नाही. वाचनालयातला तो रिसीव्हरही या चाळणीतून गेला असता.

सात एफ आणि एक ई, हे कुठून आलं?

कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, प्रत्येक कळीला एक क्रमांक आहे. एस्केप १, आकड्यांची रांग २ ते ११, क्यू १६, एंटर २८, ए ३०, एस ३१, डी ३२. स्पेसबार ५७, पॉवरची कळ ११६. उपकरण जोडलं गेलं की त्याच्याकडे कोणकोणत्या कळा आहेत याचा एक तक्ता तयार होतो: ज्या क्रमांकाची कळ आहे त्या जागी १, नाही तिथे ०. हा तक्ता सोळाच्या पायाच्या अंकांत लिहिला जातो. मोठे क्रमांक डावीकडे, लहान उजवीकडे. ६४ बिटच्या मशीनवर त्याचे ६४-६४ चे गट पडतात आणि दोन गटांमध्ये मोकळी जागा असते.

पॉवर बटणाचा तक्ता पाहू. त्यात दोनच गट दिसतात: पहिल्यात १ आणि त्यापुढे तेरा शून्यं, दुसऱ्यात नुसतं ०. सोळाच्या पायाचं एक शून्य म्हणजे चार जागा. तेरा चोक बावन्न. म्हणजे डावीकडच्या गटातली ५२ वी जागा भरलेली आहे. उजवीकडच्या गटातल्या ६४ जागा त्यात मिळवा: ११६. म्हणजेच पॉवरची कळ, आणि त्याखेरीज काहीही नाही. पहिल्यांदा हा हिशेब कागदावर जुळला तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण तोवर ती ओळ माझ्यासाठी नुसता आकड्यांचा ढीग होती.

आता नेहमीच्या कीबोर्डचा शेवटचा गट पाहा: पंधरा एफ आणि शेवटी ई. एफ म्हणजे चारही जागा भरलेल्या. ई म्हणजे सगळ्यात उजवीकडची, शून्य क्रमांकाची जागा रिकामी आणि उरलेल्या तीन भरलेल्या. शून्य क्रमांक राखीव आहे आणि नोंदणीच्या वेळी कर्नल तो स्वतःच पुसतो, म्हणून तिथे एफ कधीच येत नाही. उजवीकडची आठ अक्षरं म्हणजे ० ते ३१ क्रमांक. सात एफ आणि एक ई असेल तर १ ते ३१ या सगळ्या कळा हजर आहेत: एस्केप, आकडे, क्यूपासून पीपर्यंतची रांग, एंटर, डावा कंट्रोल, ए आणि एस. ‘हा पूर्ण कीबोर्ड आहे’ हे ठरवताना यूडेव्हदेखील नेमकी हीच कसोटी लावतो. आपण ती अक्षरांच्या तुलनेवर आणली, एवढंच.

हा हिशेब ऑकमध्ये (मजकूर चाळणाऱ्या एका छोट्या भाषेत) संख्या म्हणून करू नका. ऑक सहसा संख्या फ्लोटिंग पॉइंटच्या पद्धतीने साठवतो आणि २ च्या ५३ व्या घातानंतर शेवटचे बिट, म्हणजे तक्त्यातल्या उजवीकडच्या जागा, गळायला लागतात. आपल्याला हवे असतात ते नेमके शेवटचेच बिट.

मी /प्रोक/बस/इनपुट/डिव्हायसेसमध्ये ‘केबीडी’ शोधतो. त्यात काय चुकतं?

त्या फाइलमध्ये प्रत्येक उपकरणाची एक नोंद असते आणि ‘हँडलर्स’च्या ओळीत कर्नलचे कोणते भाग त्याला जोडले गेले ते लिहिलेलं असतं. ‘केबीडी’ हा त्यातला एक भाग, पण तो फार उदार आहे. साध्या कळांच्या क्षेत्रातली एक जरी कळ उपकरणाकडे असली तरी तो चिकटतो. म्हणून पॉवर बटणाला ‘केबीडी’, स्लीप बटणाला ‘केबीडी’, हेडफोनच्या वायरवरच्या आवाजाच्या बटणांनाही ‘केबीडी’. कॉम्प्युटरच्या आतल्या बीप वाजवणाऱ्या स्पीकरलासुद्धा ‘केबीडी’ लागतो, कारण कन्सोलला घंटा वाजवायची असते आणि ते कामही हाच भाग करतो. रास्पबेरी पायवर एचडीएमआयची नोंद याच कारणाने फसवते: टीव्हीच्या रिमोटच्या कळा त्या तारेतून येऊ शकतात.

कीबोर्ड न लावलेल्या मशीनवरही ही पद्धत ‘तीन कीबोर्ड सापडले’ असं सांगेल.

त्याच ओळीत ‘सिसआरक्यू’ (अडकलेल्या मशीनवर कळा दाबून थेट कर्नलला आज्ञा देण्याची सोय) शोधणं बरंच बरं. तो भाग फक्त डावी ऑल्ट कळ असलेल्या उपकरणांनाच जोडला जातो, आणि पॉवर बटणाला ऑल्ट नसते. मात्र सिसआरक्यू पूर्ण बंद ठेवलेल्या मशीनवर, म्हणजे कर्नलच्या त्या सेटिंगची किंमत ० असेल तर, हा भाग नोंदवलाच जात नाही आणि स्क्रिप्टला एकही कीबोर्ड दिसत नाही. सुरक्षेसाठी कडक केलेल्या सर्व्हरवर हे घडू शकतं.

‘ईव्ही=१२००१३’ शोधा असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो बरोबर आहे का?

अर्धवट. हा आकडा उपकरण कोणत्या प्रकारच्या घटना पाठवतं ते सांगतो. सोळाच्या पायात उलगडला तर ०, १, ४, १७ आणि २० या जागा भरलेल्या दिसतात: समक्रमण, कळा, इतर माहिती, दिवे आणि कळ धरून ठेवल्यावर होणारी पुनरावृत्ती. जुन्या साध्या कीबोर्डला हे चपखल बसतं. पण कॅप्स लॉकचा दिवा नसलेल्या छोट्या कीबोर्डचा १७ वा बिट जातो आणि आकडा १०००१३ होतो. आवाजाची चकती असलेल्यात आणखी बिट चढतात आणि १२००१एफसारखं काहीतरी दिसतं. लोक मग ग्रेपमध्ये एकेक पर्याय वाढवत बसतात. कळांचाच तक्ता बघायला मिळत असताना दिव्यांवरून कीबोर्ड का ओळखायचा?

नावात ‘कीबोर्ड’ शब्द शोधला तर?

नको. नाव कारखान्यात ठरतं. बऱ्याच कीबोर्डांच्या नावात नुसता कंपनीचा उल्लेख आणि मॉडेलचा आकडा असतो, आणि ‘कीबोर्ड’ असं नाव मिरवणारी नोंद माऊसच्या रिसीव्हरचीही निघते. नाव माणसाला दाखवायला वापरा, निर्णयाला नको.

एलएसयूएसबी किंवा डीमेसेज वापरू का?

एलएसयूएसबी फक्त यूएसबीची उपकरणं दाखवतो, त्याला लॅपटॉपचा आतला कीबोर्ड बहुधा दिसत नाही आणि ब्लूटूथचा तर दिसतच नाही. डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या संदेशांची यादी, इतिहास सांगतो. सकाळी जोडून दुपारी काढलेला कीबोर्ड तिथे संध्याकाळीही दिसतो, आणि अनेक वितरणांत तो सामान्य वापरकर्त्याला वाचताही येत नाही.

/डेव्ह/इनपुट/बाय-आयडी या फोल्डरमधल्या ‘-इव्हेंट-केबीडी’ने संपणाऱ्या दुव्यांवर विसंबता येईल?

यूएसबी कीबोर्डपुरतं, हो. ते दुवे यूडेव्हच बनवतो आणि वर सांगितलेल्या कसोटीवरच बनवतो, त्यामुळे पॉवर बटण त्यात घुसत नाही. पण बाय-आयडीमध्ये फक्त यूएसबीची उपकरणं येतात. लॅपटॉपचा आतला कीबोर्ड शेजारच्या बाय-पाथ फोल्डरमध्ये सापडतो, नावात ‘आय८०४२-सिरिओ-०’ असतं. ब्लूटूथ कीबोर्डचा दुवा मात्र सहसा दोन्हीकडे नसतो. ज्यांनी या फोल्डरवर सगळी भिस्त ठेवली, त्यांना ब्लूटूथ कीबोर्ड घेतल्यावर स्क्रिप्ट आंधळी झालेली दिसते.

मग यूडेव्हलाच सरळ विचारलं तर?

यूडेव्ह असेल तिथे ही सगळ्यात चांगली वाट आहे. तो प्रत्येक उपकरणावर शिक्के मारतो. ‘आयडी_इनपुट_की’ म्हणजे काही कळा आहेत, ‘आयडी_इनपुट_कीबोर्ड’ म्हणजे पूर्ण कीबोर्ड. आपल्याला दुसरा शिक्का हवा. पहिल्यावर समाधान मानलं तर पुन्हा पॉवर बटणापाशी येऊन पोचाल.

एका उपकरणासाठी ‘यूडेव्हएडीएम इन्फो’ला प्रॉपर्टी विचारायच्या. सगळ्यांची यादी हवी असेल तर ‘यूडेव्हएडीएम ट्रिगर’ला ड्राय-रन आणि व्हर्बोज हे दोन पर्याय द्या, सबसिस्टीम म्हणून इनपुट द्या आणि प्रॉपर्टी-मॅचमध्ये तो शिक्का लिहा. ड्राय-रनमुळे प्रत्यक्षात काहीही चाळवलं जात नाही, फक्त जुळणाऱ्या उपकरणांचे मार्ग छापले जातात. यादीत ‘इनपुट७’ आणि ‘इव्हेंट७’ अशा जोड्या येतील. त्यातली एकच बाजू धरा.

यूडेव्हचा मोठा फायदा म्हणजे चुकीचा शिक्का तुम्ही दुरुस्त करू शकता. /इटीसी/यूडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी मध्ये आपली छोटी फाइल ठेवायची, त्यात उपकरणाचा विक्रेता क्रमांक आणि उत्पादन क्रमांक लिहून ‘आयडी_इनपुट_कीबोर्ड’ची किंमत ० करायची, ‘सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ चालवायचं आणि उपकरण काढून पुन्हा लावायचं. मग प्रत्येक स्क्रिप्टमध्ये वेगळी पळवाट लिहावी लागत नाही. फक्त, त्या उपकरणाच्या कळा खऱ्या कामाच्या असतील तर असं करू नका, कारण ग्राफिकल वातावरणही हाच शिक्का बघतं.

यासाठी रूट लागतो का? स्वतःला ‘इनपुट’ गटात घालू का?

नाही, आणि कृपा करून घालू नका.

/प्रोकमधली ती फाइल, /सिसमधले कळांचे तक्ते, यूडेव्हचे शिक्के, हे सगळं कोणालाही वाचता येतं. बंद असतात ती /डेव्ह/इनपुट/इव्हेंट० सारखी उपकरणं, कारण तिथे प्रत्यक्ष दाबलेल्या कळा वाहत असतात. ‘इनपुट’ गटातल्या माणसाचा कोणताही प्रोग्रॅम, ब्राउझरमधून उतरवलेला एखादा खेळसुद्धा, त्या मशीनवर टाइप होणारा प्रत्येक पासवर्ड वाचू शकतो. कीबोर्ड जोडला आहे का हे बघायला त्यावर काय टाइप होतंय हे बघावं लागत नाही. सार्वजनिक मशीनवर तर हा फरक पाळलाच पाहिजे. लोक तिथे बँकेचे पासवर्ड टाकतात.

पायथनच्या ‘इव्हीडेव्ह’ लायब्ररीबद्दल हाच गोंधळ होतो. तिचं ‘लिस्ट_डिव्हायसेस’ फंक्शन फक्त वाचण्या-लिहिण्याची परवानगी असलेली उपकरणंच देतं, म्हणून सामान्य वापरकर्त्याला रिकामी यादी मिळते. उपाय म्हणून कुठेतरी ‘इनपुट गटात जा’ असं वाचायला मिळतं. त्याऐवजी पायथनमधूनच /सिस/क्लास/इनपुट वाचा.

एकच कीबोर्ड लावलाय, पण तीन-चार नोंदी दिसतात. मोजायचे कसे?

हल्लीच्या यूएसबी कीबोर्डमध्ये मुख्य कळांची एक नोंद, आवाज आणि गाण्यांच्या बटणांची दुसरी, स्लीप-पॉवरची तिसरी असते. नावाच्या शेवटी ‘कन्झ्युमर कंट्रोल’ आणि ‘सिस्टीम कंट्रोल’ असं दिसतं. वरची कसोटी लावली की यातल्या बहुतेक गळतात. पण अनेक कळा एकदम दाबता याव्यात म्हणून काही कीबोर्ड दोन पूर्ण कीबोर्ड असल्याचं सांगतात, आणि ते दोन्ही कसोटीला उतरतात.

यासाठी /प्रोकमधल्या त्याच फाइलमधली ‘फिज’ ही ओळ बघा. यूएसबी उपकरणाची ती ‘यूएसबी-...-३/इनपुट०’ अशी असते. शेवटचं ‘/इनपुट’ आणि त्यापुढचं कापून टाका. जे उरतं तो पोर्टचा पत्ता. सारखे पत्ते एकत्र करून मोजा.

ब्लूटूथला ही युक्ती लावू नका. तिथे ‘फिज’मध्ये तुमच्याच ब्लूटूथ अडॅप्टरचा पत्ता असतो, म्हणजे दोन वेगळे कीबोर्ड एकच वाटतील. त्यांचा स्वतःचा पत्ता ‘युनिक’ या ओळीत मिळतो. स्क्रिप्टमध्ये आधी बसचा, म्हणजे जोडणीच्या प्रकाराचा, क्रमांक बघा: ०००३ म्हणजे यूएसबी, ०००५ म्हणजे ब्लूटूथ, ००११ म्हणजे जुना पीएस/२ प्रकार. त्यावरून ठरवा कोणती ओळ वापरायची ते. एकाच रिसीव्हरवर अनेक उपकरणं जोडता येतात, तिथे पोर्ट कापल्यावर दोन कीबोर्ड एक होण्याचा धोका असतोच.

माऊसचा रिसीव्हर, बारकोड स्कॅनर, सुरक्षा किल्ली, हे कीबोर्ड म्हणून येतात. वेगळे कसे काढू?

इतर सगळे प्रश्न याच्यापुढे सोपे आहेत.

किराणा दुकानातला बारकोड स्कॅनर घ्या. तो कोड वाचतो आणि आकडे ‘टाइप’ करतो, शेवटी एंटर मारतो. बिलाच्या प्रोग्रॅमला काही वेगळं शिकवावं लागत नाही, म्हणूनच तो तसा बनवलेला असतो. दोन टप्प्यांच्या लॉगिनसाठीच्या यूएसबी किल्ल्यांपैकी काही याच पद्धतीने एकदाचा पासवर्ड टाइप करतात. खेळांसाठीचे माऊस बाजूच्या बटणांवर अक्षरं बसवता यावीत म्हणून आत एक कीबोर्ड बाळगतात. आणि रिसीव्हर कीबोर्ड असल्याचं सांगतो, कारण उद्या त्याच्याशी कीबोर्ड जोडला जाऊ शकतो. यातलं कुणीही खोटं बोलत नाही. यूएसबीवर उपकरण एक वर्णन पाठवतं, ‘मी या या कळा पाठवू शकतो’, आणि कर्नल तक्ता बनवतो तो त्या वर्णनावरून. प्लास्टिकच्या कळा आहेत का, समोर माणूस बसला आहे का, हे त्या वर्णनात कुठेच नसतं.

म्हणून शंभर टक्के बिनचूक कसोटी मिळणार नाही. ज्या कामात चूक झाली तर कुणाचं तरी अडेल, तिथे मी ओळखीच्या उपकरणांची यादी ठेवतो: विक्रेता क्रमांक आणि उत्पादन क्रमांक यांची जोडी, /सिस/क्लास/इनपुटमध्ये त्या उपकरणाच्या ‘आयडी’ फोल्डरमधल्या फायलींतून वाचलेली. यादीत असेल त्याच्यावरच भरवसा. अनोळखी कीबोर्ड जोडला तर स्क्रिप्ट काहीही करत नाही. दोन-चार मशीनसाठी ही यादी दहा मिनिटांत होते.

यादी शक्य नसेल, समजा इन्स्टॉलर लिहिताय, तर माणसालाच विचारा. ‘कोणतीही कळ दाबा’ म्हणून थोडा वेळ थांबणं हा जुना उपाय अजूनही सगळ्यात विश्वासू आहे.

याच गोष्टीची एक काळी बाजू आहे. २०१४ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी ‘बॅडयूएसबी’ दाखवलं: साध्या पेन ड्राइव्हचं आतलं फर्मवेअर बदलून त्याला कीबोर्ड बनवायचं आणि आज्ञा टाइप करायला लावायचं. सार्वजनिक मशीन सांभाळत असाल तर ‘यूएसबीगार्ड’ बघा. अनोळखी उपकरणाला कर्नलचा ड्रायव्हर जोडला जाण्याआधीच तो अडवतो.

कीमॅपर वापरतो. त्याचा काल्पनिक कीबोर्डही यादीत येतो.

कीडी किंवा कनाटासारखे कीमॅपर, म्हणजे कळांचा अर्थ बदलणारे प्रोग्रॅम, खऱ्या कळा गिळून ‘यूइनपुट’मधून नव्या पाठवतात, म्हणून एक काल्पनिक कीबोर्ड उभा राहतो. त्याचा सिसएफएसचा (/सिसमधला) मार्ग /डिव्हायसेस/व्हर्च्युअल/इनपुट/ पासून सुरू होतो. तेवढाच मार्ग वगळा. नुसतं ‘व्हर्च्युअल’ शब्दावरून वगळलं तर अनेक ब्लूटूथ कीबोर्डही जातील, कारण त्यांचा मार्ग /डिव्हायसेस/व्हर्च्युअल/मिस्क/यूएचआयडी/ असा असतो. ही चूक शोधायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली होती.

गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड काढला तरी नोंद जात नाही.

जाणारही नाही. त्या जोडणीत ‘काढलं’ असं कळवण्याची सोयच नाही. यूएसबीवर पोर्ट रिकामा झाल्याचं हबला कळतं, इथे तसं कुणी नाही. जुन्या डेस्कटॉपवर ‘एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड’ ही नोंद दिसली तर एवढंच समजा, की शेवटची तपासणी झाली तेव्हा तिथे कीबोर्ड होता.

कीबोर्ड जोडल्या क्षणी स्क्रिप्ट चालवायची आहे.

दर सेकंदाला फाइल वाचत बसू नका. यूडेव्हचा नियम लिहा: क्रिया ‘अॅड’, सबसिस्टीम ‘इनपुट’, आणि ‘आयडी_इनपुट_कीबोर्ड’ची किंमत १. नियमातल्या ‘रन’मध्ये फक्त झटपट संपणारं काम ठेवा. तिथून सुरू केलेली लांबणारी प्रक्रिया यूडेव्ह मारून टाकतो. मोठं काम असेल तर नियमात ‘सिस्टिमडी’चा टॅग लावून एक सर्व्हिस सुरू करायला सांगा.

नुसतं बघायचं असेल तर ‘यूडेव्हएडीएम मॉनिटर’ चालवा आणि कीबोर्ड काढा-घाला करा. एका जोडणीला किती घटना येतात ते डोळ्यांनी दिसेल. स्क्रिप्ट एकापेक्षा जास्त वेळा चालली तरी बिघडणार नाही अशी का लिहायची, तेही तिथेच कळतं.

मशीन सुरू होताना स्क्रिप्टला कीबोर्ड सापडत नाही, नंतर सापडतो.

यूएसबीची ओळखपरेड सुरू असते. स्क्रिप्टच्या आधी ‘यूडेव्हएडीएम सेटल’ लावा. ब्लूटूथ कीबोर्डला त्याचा उपयोग नाही. झोपलेला कीबोर्ड कळ दाबल्यावरच जोडला जातो, तेव्हा तिथे वरचा नियमच हवा.

एक्सइनपुटने यादी काढली तर?

एक्सऑर्ग या जुन्या ग्राफिकल यंत्रणेवर ठीक आहे, जरी पॉवर बटण तिथेही कीबोर्डांच्या रांगेत बसतं. वेलँड या नव्या यंत्रणेवर मात्र एक्सइनपुटला खरी उपकरणं दिसत नाहीत, ‘एक्सवेलँड-कीबोर्ड’ असं एकच सोंग दिसतं. शिवाय स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेतून) चालली तर डिस्प्लेच नसतो. कर्नलच्या पातळीवरची पद्धत या सगळ्यातून सुटते.

एसएसएचवरून किंवा कंटेनरमध्ये?

एसएसएचवर, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन केलं की, स्क्रिप्टला पलीकडच्या मशीनचे कीबोर्ड दिसतात, तुमच्या हाताखालचा नाही. कंटेनरमध्ये /प्रोक आणि /सिस सहसा यजमान मशीनचीच माहिती दाखवतात, पण यूडेव्ह नसतो. टर्मिनल जोडलंय का हा प्रश्नही वेगळा आहे. त्याला शेलची ‘-टी’ कसोटी पुरते, आणि पुष्कळदा लोकांना खरं तर तेवढंच हवं असतं.

कीबोर्डवर मराठी अक्षरं छापली आहेत का, हे कळेल?

नाही. यूएसबीच्या वर्णनात देशाच्या कोडसाठी एक जागा आहे, पण बहुतेक उत्पादक तिथे ० ठेवतात. कळीवर ‘क’ छापला असो वा इंग्रजी अक्षर, उपकरण पाठवतं तो क्रमांक तोच. इनस्क्रिप्टची मांडणी पूर्णपणे सॉफ्टवेअरमध्ये असते.

याला जोडून एक तक्रार मराठीत टाइप करणाऱ्यांकडून नेहमी येते: ‘सेटएक्सकेबीमॅप’ने मराठी इनस्क्रिप्ट लावलं होतं, कीबोर्ड काढून पुन्हा लावला आणि इंग्रजी झालं. ती आज्ञा त्या क्षणी जोडलेल्या कीबोर्डांपुरती असते. नवा जोडलेला कीबोर्ड मुळातल्या सेटिंगवरून सुरू होतो. ‘लोकेलसीटीएल’ने ‘इन’ लेआउट आणि ‘मराठी’ व्हेरिएंट कायमचं नोंदवा, मग एक्सऑर्ग नव्या कीबोर्डलाही तेच देईल.

फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, मॅकवर?

/प्रोक आणि /सिसवरची ही युक्ती तिथे चालत नाही. फ्रीबीएसडीवर /डेव्हमध्ये एटीकेबीडी०, यूकेबीडी० असे कीबोर्ड दिसतात. ‘केबीडीमक्स’ त्या सगळ्यांना एकत्र करणारा आहे, त्याला मोजू नका. ‘केबीडीकंट्रोल -आय’ला उपकरण दिलं की माहिती मिळते आणि जोडल्याच्या घटना डेव्हडी कळवतो. ओपनबीएसडीवर ‘डब्ल्यूएसकेबीडी’ शोधा आणि घटनांसाठी हॉटप्लगडी वापरा. मॅकवर ‘एचआयडीयूटिल लिस्ट’ आहे. त्यात वापराचं पान १ आणि वापर ६ म्हणजे कीबोर्ड.

वाचनालयातली स्क्रिप्ट आता कशी आहे?

आतला कीबोर्ड बस क्रमांक ००११ वरून ओळखते. त्या लॅपटॉपवर हे चालतं. काही लॅपटॉपचा आतला कीबोर्ड यूएसबीवर किंवा दुसऱ्या बसवर असतो, तेव्हा आपल्या मशीनवर आधी तपासून घ्या. बाहेरच्यांपैकी फक्त दोन ओळखीच्या जोड्या मानते: तो यूएसबी कीबोर्ड आणि कपाटातला एक जादाचा. त्यातला एखादा असेल तर आतल्याच्या ‘इनहिबिटेड’ या फाइलमध्ये १ लिहिते. ही फाइल कर्नल ५.११ पासून मिळते आणि त्यात लिहायला रूट लागतो, म्हणून ते काम सर्व्हिस करते. कुठलंही इनपुट उपकरण जोडलं किंवा काढलं की सगळी मोजणी पहिल्यापासून होते. ओळखीचं काहीही सापडलं नाही, किंवा मध्येच काही चुकलं, तर त्याच फाइलमध्ये ० लिहूनच ती संपते.

माऊसचा तो रिसीव्हर अजूनही तिथेच आहे, टेबलाच्या डाव्या बाजूच्या पोर्टमध्ये.